बुमराह २०१३ मध्ये कोण होता?

महोदय,

जडेजा राजस्थानला आणि संजू सॅमसन चेन्नईला गेल्यापासून आपल्या वाचकांच्या पत्रांत ‘ट्रेड’ या एकाच विषयाचा रतीब चालू आहे. त्यातच आपण क्रीडापानावर अमेरिकेतल्या सॅन दिएगो पाद्रेज या बेसबॉल संघाच्या सौद्याची चौकट छापलीत आणि तिच्यावर दोन पत्रं आली. ठाण्याच्या वाचकांचं म्हणणं, एका रिलीफ पिचरसाठी (म्हणजे मागाहून येणाऱ्या गोलंदाजासाठी) अठरा वर्षांचं सोन्यासारखं पोरगं देणारा माणूस वेडाच असला पाहिजे. पार्ल्याच्या वाचकांनी उलट विचारलं, की उद्या बुमराह मिळणार असेल तर एखादा होतकरू फलंदाज द्यायला तुम्ही का-कू कराल का? मला दोघांचंही पटलं नाही, म्हणून हे लांबलेलं पत्र. कात्री लावायचीच असेल तर पुढच्या परिच्छेदाला लावा, आकड्यांना नको.

मी स्कोअरर. पोटासाठी बँकेत नोकरी केली, पण सुट्टीचा दिवस शिवाजी पार्क, क्रॉस मैदान नाहीतर आझाद मैदानात, मांडीवर वही घेऊन. कांगा लीगच्या पावसात भिजून फुगलेल्या वह्या अजून माझ्या माळ्यावर आहेत आणि त्या रद्दीत घालण्यावरून घरात दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत वाद होतो. माझा भाचा सॅन दिएगोला असतो. त्याने एकदा येताना बेसबॉलची कोरी स्कोअरवही आणली. मी तिच्यात अडकलो तो अडकलोच. त्या वहीत प्रत्येक क्षेत्ररक्षकाला नंबर असतो: चेंडू टाकणारा पिचर १, त्याचा यष्टिरक्षक म्हणजे कॅचर २, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६. चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसवाल्याकडे आणि तिथून फर्स्ट बेसवर गेला, दोन गडी बाद झाले, की नुसतं ६-४-३ लिहायचं. अशी आटोपशीर नोंद बघून कुठलाही स्कोअरर हरखेल. सॅन दिएगोची घरची मॅच तिथल्या संध्याकाळी सहा चाळीसला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी सात दहाला. आमची फेरी तेवढ्यात संपलेली असते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एका मोबाइलभोवती चार-पाच डोकी जमतात. आता त्यात बेस्टमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, माटुंग्याला फिजिओथेरपिस्ट असलेली एक मुलगी आहे आणि अमेरिकन विमा कंपनीचं काम रात्रपाळीत करून थेट कट्ट्यावर येणारा एक तरुण आहे. झोपायच्या आधी त्याला निदान तीन इनिंग बघायच्या असतात.

आता मूळ सौदा. ३१ जुलै २०२५ ला, अदलाबदलीचा बाजार बंद व्हायच्या दिवशी, सॅन दिएगोने मेसन मिलर हा रिलीफ पिचर आणि जे. पी. सिअर्स हा स्टार्टर (सुरुवातीचा पिचर) ॲथलेटिक्स संघाकडून घेतला. (हा संघ ऑकलंड सोडून निघालाय, लास व्हेगासला अजून पोचलेला नाही आणि सध्या सॅक्रामेंटोजवळच्या छोट्या मैदानावर खेळतो. आपल्याकडे असं झालं असतं तर किती अग्रलेख आले असते!) बदल्यात चार मुलं गेली. तीन पिचर आणि एक लिओ डी व्रिस, डॉमिनिकन रिपब्लिकचा शॉर्टस्टॉप, डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा. आपल्या चौकटीत बाकीच्या तिघांचा उल्लेख नव्हता. सिअर्सचाही नव्हता.

रिलीफ पिचर म्हणजे काय, हे न जाणणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकून दमला की उरलेलं काम ही मंडळी वाटून घेतात. त्यातला सगळ्यात भरवशाचा माणूस शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवतात, आघाडी एक-दोन रनांची असते तेव्हा.

म्हणजे डेथ बोलरच की, असं पार्ल्याचे वाचक म्हणतील. थांबा. बुमराह ट्वेंटी-ट्वेंटीत २० पैकी ४ ओव्हर टाकतो. डावाचा पाचवा हिस्सा, आणि तोही प्रत्येक मॅचमध्ये. बेसबॉलचा हंगाम १६२ मॅचचा, मॅच ९ इनिंगची, म्हणजे संघाला वर्षभरात साधारण १,४५८ इनिंग टाकाव्या लागतात. मिलरने २०२४ च्या अख्ख्या हंगामात ६५ टाकल्या. शेकडा साडेचार. त्या ६५ इनिंगमध्ये त्याने १०४ जणांना स्ट्राइकआउट केलं (मैदानात फटका मारू न देताच बाद केलं), हे मान्य. गड्याच्या गुणवत्तेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण शेकडा साडेचार आणि शेकडा वीस यांना एकाच तागडीत घालू नका. रोज मैदानावर उभा राहणारा शॉर्टस्टॉप त्या १,४५८ पैकी तेराशेच्या पुढे इनिंग क्षेत्ररक्षण करतो आणि वर दर मॅचला चार-पाच वेळा बॅटिंगला येतो.

हे मी कट्ट्यावर मांडलं तेव्हा बेस्टवाले उसळले. “अहो, सात इनिंग पुढे राहून आठव्यात मॅच घालवली, तर तुमच्या त्या सहा नंबरचं काय लोणचं घालायचंय?” त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सगळ्या इनिंग सारख्या वजनाच्या नसतात आणि ऑक्टोबरमध्ये, बाद फेरीत, हिशोब बदलतो. २०१६ मध्ये क्लीव्हलँडने अँड्र्यू मिलर (हा वेगळा मिलर, पण रिलीफ पिचरच) न्यूयॉर्क यांकीजकडून आणला होता. त्याने त्या बाद फेरीत १९ हून जास्त इनिंग टाकल्या, ३० स्ट्राइकआउट घेतले आणि संघाला थेट वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, सातव्या मॅचपर्यंत नेलं. त्याच्या बदल्यात दिलेल्या मुलांत क्लिंट फ्रेझर आणि जस्टस शेफिल्ड ही तेव्हाची मोठी नावं होती. पुढे दोघांचंही फार काही झालं नाही. म्हणजे ‘पोरगं’ दिलं की घर बुडालंच, असं नाही, हे ठाण्याच्या वाचकांनी लक्षात घ्यावं. बहुतेक पोरं फ्रेझरच्याच वाटेने जातात.

त्याच वर्षी, त्याच यांकीजकडून, शिकागो कब्जने आरोल्डिस चॅपमन हा रिलीफ पिचर घेतला आणि १९ वर्षांचा ग्लेबर टोरेस दिला. शिकागोने १९०८ नंतर एकदाही अजिंक्यपद जिंकलेलं नव्हतं. चॅपमन आला आणि त्यांनी ते जिंकलं. गंमत अशी, की सातव्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला चॅपमननेच रजाय डेव्हिसला दोन रनांचा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) दिला आणि मॅच ६-६ अशी बरोबरीत आणून ठेवली. नऊ इनिंग संपल्यावर १७ मिनिटं पाऊस पडला आणि दहाव्या इनिंगला शिकागो ८-७ ने जिंकलं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. टोरेस न्यूयॉर्कला सात हंगाम खेळला, दोनदा ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक खेळाडूंतला एक) झाला, एका वर्षात ३८ होमरन मारले, पण अजिंक्यपद काही त्याच्या वाट्याला आलं नाही. शिकागोच्या चाहत्याला विचारा, सौदा पुन्हा कराल का? तो प्रश्न पुरा होऊ देणार नाही.

मग मी सॅन दिएगोच्या विरुद्ध का? त्यासाठी १९९० च्या ऑगस्टअखेरीस बोस्टनला जावं लागेल.

बोस्टन रेड सॉक्स तेव्हा विभागात पहिल्या स्थानावर होते आणि मागून टोरांटो येत होतं. रिलीफ पिचिंग पातळ पडलं होतं. त्यांनी ह्यूस्टनकडून लॅरी अँडरसन घेतला, वय ३७. बदल्यात एक पोरगं दिलं. त्या पोराचा जन्म बोस्टनचा, लहानपणापासून याच संघाचा चाहता, खालच्या दर्जाच्या संघात तिसऱ्या बेसवर खेळणारा. त्या अख्ख्या हंगामात त्याचे होमरन फक्त ४. त्याला देताना कुणाच्या पोटात गोळा आला असेल असं वाटत नाही. अँडरसनने बोस्टनसाठी २२ इनिंग टाकल्या आणि त्यात त्याच्या नावावर ३ रन लागले. याहून चोख काम कोण करणार? बोस्टनने विभाग जिंकला, दोन मॅचच्या फरकाने. पुढच्या फेरीत ऑकलंडने त्यांना ४-० असं धुतलं आणि हंगाम संपल्यावर अँडरसन दुसरीकडे निघून गेला.

ते पोरगं म्हणजे जेफ बॅगवेल. १९९१ चा सर्वोत्तम नवोदित, १९९४ चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. पंधरा हंगाम, ४४९ होमरन, सगळेच्या सगळे ह्यूस्टनसाठी. २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम.

यात मला खुपतो तो सौद्यामागचा युक्तिवाद. बोस्टनकडे तिसऱ्या बेसवर वेड बॉग्ज होता, त्या काळातला अव्वल फलंदाज. “पोराला जागाच नाही, मग ठेवून करायचं काय?” ह्यूस्टनकडेही तिसऱ्या बेसवर माणूस होताच. त्यांनी बॅगवेलला पहिल्या बेसवर उभं केलं. प्रश्न सुटला. एवढंच करायचं होतं!

आता सॅन दिएगोचे समर्थक नेमकं काय म्हणतात बघा. शॉर्टस्टॉपला झँडर बोगार्ट्स २०३३ पर्यंत करारबद्ध आहे, तिसऱ्या बेसवर मॅनी मचाडोही २०३३ पर्यंत, फर्नांडो टॅटिस ज्युनियर २०३४ पर्यंत. “डी व्रिसला जागाच नाही.” आमचा रात्रपाळीवालाही हेच म्हणतो, आणि वर “काका, तुम्ही जुन्या काळातलं बोलताय” हेही ऐकवतो. ठीक आहे, नव्या काळातलं बोलू. टॅटिस स्वतः शॉर्टस्टॉप होता. त्याला उजव्या बाजूच्या आउटफील्डला पाठवलं, तर २०२३ मध्ये तिथे त्याने गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला. बोगार्ट्सलाही मध्ये त्यांनी सेकंड बेसवर हलवलं होतंच. जागा करता येते. आणि हा टॅटिस सॅन दिएगोला मिळाला कसा? २०१६ मध्ये, शिकागो व्हाइट सॉक्सला जेम्स शील्ड्स हा उतरणीला लागलेला पिचर देऊन. टॅटिस तेव्हा सतरा वर्षांचा होता, व्यावसायिक सामना एकही खेळलेला नव्हता. शिकागोवाले त्या सौद्याचं नाव काढलं की अजून कपाळाला हात लावतात. हा सौदा जुळवणारा सॅन दिएगोचा व्यवस्थापक ए. जे. प्रेलर आणि डी व्रिसला देणारा ए. जे. प्रेलर हा एकच माणूस. त्यामुळे त्याला वेडा म्हणण्यात अर्थ नाही. दुसऱ्याच्या पोराची किंमत त्याच्याइतकी कुणाला कळत नाही. स्वतःच्या पोरांच्या बाबतीत त्याचा हात सैल आहे, एवढंच. २०२२ मध्ये हुआन सोतोसाठी त्याने सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड वॉशिंग्टनला दिले. तिघेही पुढे ऑल-स्टार झाले. सोतो दीड हंगाम राहिला आणि त्याचीही रवानगी न्यूयॉर्कला झाली.

दुसरी गोष्ट मी आमच्या फिजिओकडून शिकलो. ती फार बोलत नाही. मिलरचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या वर गेल्याचा आकडा पडद्यावर आला की बेस्टवाले टाळी देतात आणि ती मान हलवते. “काका, स्नायू कमावता येतो, लिगामेंट नाही.” मिलरच्या कोपराचं लिगामेंट २०२३ मध्ये दुखावलं होतं, त्या वर्षाचा बराच भाग तो बाहेर बसला. तेव्हा त्याच्यावर शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. पुढे येणारच नाही, असं कोण लिहून देईल? मुंबईकरांना हे सांगायला नको. जोफ्रा आर्चर जखमी आहे हे ठाऊक असून मुंबई इंडियन्सने २०२२ च्या लिलावात त्याच्यावर ८ कोटी लावले होते आणि आपण वाट बघत बसलो होतो. फरक इतकाच, की मुंबईचे पैसे गेले, पोरगं नाही.

आणि इथेच आयपीएलशी केलेली सगळी तुलना ढासळते. आयपीएलमधली अदलाबदल तयार मालाची. शार्दूल ठाकूर लखनऊकडून मुंबईला आला तो २ कोटींना, रोख. अर्जुन तेंडुलकर तिकडे गेला तो ३० लाखांना, तोही रोख. ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव येतो आणि पाटी कोरी होते. पुढची दहा वर्षं कुणाच्या मालकीची नसतातच, तर ती देणार कोण? शिवाय पोरगं घडवतं कोण? शार्दूल पालघरहून किट खांद्यावर टाकून लोकलने यायचा, तेव्हा त्याचा पास कुठल्या फ्रँचायझीने काढला नव्हता. शाळा, क्लब, मैदानावरचे प्रशिक्षक, हॅरिस शील्ड, कांगा लीग हे सगळं आधी झालं, फ्रँचायझी शेवटी आली. बेसबॉलमध्ये उलटं. सॅन दिएगोने डी व्रिसला जानेवारी २०२४ मध्ये, तो १७ वर्षांचा असताना, ४२ लाख डॉलर देऊन घेतलं, आपल्या खर्चाने खालच्या संघांतून खेळवलं, वाढवलं. असा मुलगा मोठ्या संघात उतरल्यावरही साधारण सहा हंगाम क्लबच्या हातात राहतो, त्यातले पहिले काही अगदी किमान पगारावर. सॅन दिएगोने विकली ती ही वर्षं. विकत घेतली ती मिलरची २०२९ पर्यंतची वर्षं. म्हणून ‘मिलर मोठा की डी व्रिस’ हा वाद मला बिनबुडाचा वाटतो. मोजायची असतील तर दोन्हीकडची वर्षं मोजा.

पार्ल्याच्या वाचकांना बुमराहचंच उदाहरण प्रिय असेल तर तेही घेऊ. २०१३ च्या एप्रिलमध्ये १९ वर्षांचा, विचित्र ॲक्शनचा, फारसा कुणाला माहीत नसलेला एक मुलगा मुंबईकडून पहिली मॅच खेळला आणि विराट कोहलीसकट तीन बळी घेऊन गेला. समजा, त्या वर्षी मुंबईला शेवटच्या ओव्हरसाठी अनुभवी माणूस हवा असता आणि समोरच्याने बदल्यात हे पोरगं मागितलं असतं. तेव्हा वानखेडेवर बसलेल्या किती जणांनी नाही म्हटलं असतं? प्रश्न विचारताना तुम्ही बुमराहला मिलरच्या जागी उभं केलंत. २०१३ चा बुमराह डी व्रिसच्या जागी होता.

तर माझं मत: मी असतो तर दिला नसता. बॅट कमी असलेल्या संघाने तर नाहीच नाही. १ ऑक्टोबर २०२५ ला, तीन मॅचच्या बाद फेरीत, शिकागोत मिलरने एक चेंडू ताशी १०४.५ मैलांनी टाकला, म्हणजे आपल्या हिशोबात १६८ किलोमीटर. क्रिकेटमधला शोएब अख्तरचा विक्रम १६१.३ चा आहे. फलंदाज नुसता बघत उभा राहिला आणि बाद झाला. कट्ट्यावर आम्ही सगळे उठून उभे राहिलो, मीसुद्धा. ती मॅच सॅन दिएगोने ३-० अशी जिंकली. पण आधीची १-३ अशी हरले होते आणि नंतरचीही १-३ अशीच हरले. तीन मॅचमध्ये मिळून पाच रन. राखायला आघाडीच नसेल तर राखणदार कितीही तगडा असून काय उपयोग?

माझ्या गणिताला एक मोठं भोक आहे, तेही सांगतो, नाहीतर रात्रपाळीवाला उद्या सांगेलच. मिलर मूळचा स्टार्टर. पहिल्या वर्षी ॲथलेटिक्सने त्याला सुरुवातीपासूनच टाकायला लावलं होतं. सॅन दिएगोने तो प्रयोग पुन्हा केला आणि कोपर टिकलं, तर ६५ च्या जागी १५० इनिंग येतील, शेकडा साडेचारचे दहा होतील आणि मला गप्प बसावं लागेल. बेस्टवाले याच आशेवर आहेत. फिजिओ मान हलवते.

आता आपल्याला एक विनंती. त्याच अमेरिकन बाजाराचा हिवाळी मोसम सुरू झाला की रोज कोणी ना कोणी कुठे ना कुठे जाईल आणि आपण चौकटी छापाल. मुंबई कोब्राज नावाचा बेसबॉल संघ २०२५ मध्ये दुबईच्या लीगमध्ये खेळला, त्यामुळे वाचकही थोडे वाढतील. चौकटीत डॉलरचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, तो राहू द्या. त्याखाली बारीक टायपात दोन गोष्टी वाढवा: प्रत्येकाचं वय, आणि तो आणखी किती वर्षं त्या क्लबच्या ताब्यात आहे. जागा कमी पडत असेल तर व्यवस्थापकाचा फोटो काढून टाका. आणि सौद्यात चार पोरं गेली असतील तर चारही नावं द्या. ज्याचं नाव आज कुणी छापलं नाही, त्या वर्षी ज्याचे होमरन फक्त ४ होते, असा पोरगा पुढे काय करतो ते वर सांगितलंच आहे.

आपला,
एक निवृत्त स्कोअरर,
दादर (पश्चिम), मुंबई